डावी कप्पी

होडीच्या मागच्या बाकाखाली जी पोकळी होती, तिला आप्पा कोठीची खोली म्हणत. खोली कसली, मांजरीनेही पिल्लं घालायला दोनदा विचार केला असता. आत शिरायचं तर आधी हात, मग डोकं, मग एक खांदा, मग श्वास सोडून दुसरा खांदा. एवढं सगळं आत गेलं तरी पाय बाहेर राहतात ते राहतातच. त्या दुपारी आप्पांच्या सुनेचे पाय बाहेर होते आणि बाकीची सून आत होती.

"दिसतंय का काही?" आप्पांनी वरून विचारलं.

"तुमचा एक बूट दिसतोय."

"सापडला का! उन्हाळ्यापासून शोधतोय मी तो."

"आणि पाठीखाली काहीतरी टोचतंय. लोखंडी. हातभर लांब."

"तो आणीबाणीचा दांडा. चाक बंद पडलं तर सुकाणूवर बसवायचा."

"चाक बंद पडलंय, आप्पा."

"हो ना," आप्पा म्हणाले, "पण आता तू त्याच्यावर निजली आहेस."

धक्क्यावरून निघताना सुकाणूचं चाक नुसतं करकरत होतं. दगडी बंधारा ओलांडल्यावर ते जड झालं, आणि एका वळणावर असं रुतून बसलं की आप्पांनी पाय रोवून ओढलं तरी तसूभर हलेना. वाऱ्याच्या मर्जीवर गोल गोल फिरण्यापेक्षा बरं म्हणून त्यांनी शीड उतरवलं, नांगर टाकला आणि केबिनच्या दारात चौकट धरून बसलेल्या सुनेकडे पाहिलं. दुसरं होतंच कोण?

सूनही काही हौसेने आलेली नव्हती. तिला पाणी आवडत नसे. पायाखालची जमीन हलते म्हणजे तिच्या मते कुणाचं तरी काम राहून गेलेलं असतं. पण गेल्या महिन्यात आप्पा शीड न गुंडाळताच घरी येऊन झोपले, होडी धक्क्यावर आपटून आपटून एका अंगाने सोलून निघाली, आणि मुलाने जेवताना सांगून टाकलं, "आणखी एक चूक झाली की होडी बंद, आप्पा. वयाचा प्रश्न आहे." ती पुढची चूक डोळ्यांनी बघायला कुणीतरी सोबत हवं. मुलाला पाण्यावर गरगरतं, म्हणून सून. तेव्हापासून दर रविवारी ती केबिनच्या दारात बसायची, ते बाहेर चाकाशी. पहारा कुणावर आणि कोंडलंय कुणाला, हे तिचं तिलाच कळेनासं झालं होतं. त्या चाकाला तिने एकदाही हात लावला नव्हता.

मात्र तारा आणि कप्प्या म्हटलं की तिचं घरच. अठरा वर्षं ती लिफ्टची दुरुस्ती करत होती. शहरातल्या निम्म्या इमारतींत तिला लिफ्टवाली म्हणूनच ओळखत. ती डावखुरी. आणि तो डावा हात असा, की चालत्या तारेवर नुसतं फडकं धरून तिचं आणखी किती आयुष्य आहे ते सांगावं. तिचा साहेब म्हणायचा, ह्या बाईचा हात आजारी पडला तर ऑफिसला टाळं लावावं लागेल.

होडीतलं काम आत शिरल्या शिरल्याच तिच्या ध्यानात आलं. वर चाकामागच्या खांबात एक साखळी. साखळीच्या दोन टोकांना दोन तारा. त्या खांबातून खाली उतरतात, तळाशी दोन कप्प्यांवरून वळतात, आणि एक डावीकडून, एक उजवीकडून अशा मागे जाऊन सुकाणूच्या माथ्यावरच्या अर्ध्या चाकाला बांधलेल्या असतात. वरचं चाक फिरलं की एक तार ओढली जाते, दुसरी ढिली पडते. म्हणजे लिफ्टच की, फक्त आडवी पाडलेली.

तिने डोक्यावरचा दिवा नीट केला आणि डाव्या तारेवर फडकं फिरवलं. वीतभर सरकलं आणि अडलं. तारेचा एक धागा तुटून बाभळीच्या काट्यासारखा वर आला होता. पुढे दुसरा, पुढे तिसरा. अजून पुढे डावी कप्पी, आणि तिथेच सगळं दुखणं. तार कप्पीच्या खाचेतून निसटून बाजूच्या फटीत जाऊन बसली होती.

"सापडलं," ती म्हणाली. "तार घसरलीय. चाक थोडं सैल सोडा, मी काढते."

स्क्रू-ड्रायव्हरने तिने तार फटीतून उचकटली. तेव्हा तिला दिसलं, की कप्पीची एकच कड घासून चांदीच्या वाटीसारखी चकाकतेय. दुसरी कड जशीच्या तशी काळी. म्हणजे तार सरळ उतरत नव्हती, रोज तिरपी येऊन एकाच कडेवर चढत होती.

"आप्पा, ही तार तीन आठवड्यांपूर्वी तुम्हीच बदललीत ना?"

"मीच. का?"

"एकट्यानेच?"

"मग काय वरात बोलवायची होती? लेथवर चाळीस वर्षं काढलीत मी. का, काय झालं?"

"काही नाही. तिरपी का येतेय ते बघतेय."

वर आप्पा चाकाच्या आऱ्यांवर बोटं वाजवत राहिले.

आता तार खाचेत बसवायची, एवढंच राहिलं होतं. आणि इथे लिफ्टवालीने ती गोष्ट केली, जिच्यासाठी तिने आजवर हाताखालच्या दोन शिकाऊ पोरांना आठवडाभर घरी बसवलं होतं. स्क्रू-ड्रायव्हर हातातून सटकून बुटाकडे घरंगळला. कूस बदलून तो घ्यायचा तर पाठीखालचा दांडा बरगडीत घुसत होता. एवढ्याशा कामाला काय करायचाय तो, असं म्हणून तिने डाव्या हाताच्या दोन बोटांनी तार खाचेकडे दाबली.

त्याच वेळी पलीकडच्या काठाला माणसं नेणारी लाँच जवळून गेली. तिच्या लाटा आल्या. पहिल्या लाटेने होडी उचलली, दुसरीने सुकाणूला बाजूने थप्पड दिली. सुकाणू फिरलं, तार ताणली आणि खाचेत बसली. बोटांसकट.

तिला आधी आवाज ऐकू आला. ओली काडी मोडावी तसा. मग कळ आली.

"ब्रेक!" ती ओरडली. "ब्रेक लावा! चाक धरा!"

आप्पांनी चाकाचा ब्रेक पिळला आणि वर दोन्ही हातांनी चाकाला मिठी घातली. "काय झालं? अगं, काय झालं?"

"बोटं. तारेखाली. दोन बोटं."

"हाताला कातडी मोजा आहे ना?"

"आहे म्हणून अजून बोटं आहेत."

 पाणी बोलत होतं, फळीपलीकडे कानाशी. लहान लाट आली की सुकाणू किंचित डुलायचं, तार किंचित आवळायची आणि सैल पडायची. प्रत्येक लाट बोटांना विचारून जायची, आहात ना? आहात ना?

तिने उजव्या हाताने चाचपून पाहिलं. तारेला ताण द्यायचा नट मागे अर्ध्या चाकापाशी, हातभर लांब. पोचत नव्हता. आणीबाणीचा दांडा पाठीखाली. तो काढायचा तर तिने बाहेर यायचं, आणि बाहेर यायचं तर बोटं सुटायला हवीत. ती आत असताना आप्पांचे खांदे त्या भोकात मावणार नव्हते. बंदरातला पहारेकरी फोन केला तर येईल, पण त्याची बोट सकाळपासून दुरुस्तीला वर ओढून ठेवलेली.

"लाँच परत कधी येते?" तिने विचारलं.

आप्पांनी घड्याळ पाहिलं असावं. "पंचवीस मिनिटांनी. येताना भरलेली असते."

भरलेली लाँच म्हणजे मोठी लाट. मोठी लाट म्हणजे ब्रेक लागलेल्या चाकाविरुद्ध सुकाणूचा पुरा झटका, आणि मधे दोन बोटं. हिशोब दोघांनीही केला आणि दोघांनीही बोलून दाखवला नाही.

तिने डोळे मिटले. मिटले किंवा उघडे ठेवले, तरी नाकापुढे वीतभर अंतरावर तीच हिरवट फळी. बंद पडलेल्या लिफ्टबाहेर उभं राहून किती जणांना ती सांगत आली होती: घाबरू नका, लिफ्ट खाली पडत नसते, दाराशी झटू नका, सावकाश श्वास घ्या. आतला एक माणूस एकदा म्हणाला होता, बाई, तुम्ही बाहेर आहात म्हणून तुम्हाला हे सुचतंय. तेव्हा तिला हसू आलं होतं. आता त्या माणसाचं नावही आपण विचारलं नव्हतं ह्याचं तिला वाईट वाटलं.

वर आप्पा गुणगुणायला लागले. घाबरले की ते मनाने जुळवून काहीतरी गात.

"वारा म्हणे शिडाला, ये रे माझ्या अंगणी,
शीड म्हणे वाऱ्याला, मी दोरीच्या बंधनी..."

"आप्पा, गाऊ नका!"

"बरं. घाबरू नकोस. लिफ्ट खाली पडत नसते."

"आप्पा!"

"नाही, तूच म्हणतेस ना नेहमी. म्हटलं उपयोगाला येईल."

ती हसली, आणि हसण्याचा धक्का बोटांपर्यंत गेला तशी विव्हळली. पण त्या हसण्याने डोकं जरा ताळ्यावर आलं. तारेशी भांडून काही होत नसतं, तिला वाट करून द्यावी लागते. तिने मनात साखळी मांडली, तारा मांडल्या. सगळ्या होड्यांत तारा खांबाच्या आत एकमेकींना ओलांडून खाली उतरतात, डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. होडीला चाक बसवलं गेलं तेव्हा तिने हे चित्रात पाहिलं होतं. म्हणजे चाक उजवीकडे फिरवलं की डावी तार ढिली. एकदा नाही, तीनदा तपासलं.

"ऐका," ती म्हणाली. "ब्रेक अगदी हळू सोडायचा. चाक सोडायचं नाही. मग उजवीकडे फिरवायचं. बोटभर पण नाही, केसभर. कळलं?"

आप्पांनी हात ब्रेककडे नेला आणि मागे घेतला.

"आप्पा, कळलं का?"

"डावीकडे फिरवतो."

"डावीकडे नाही, उजवीकडे!"

"मी सांगतो ते ऐक, डावीकडे फिरवायला हवं."

तिच्या मस्तकात तिडीक गेली. हेच ते. घरात पंखा दुरुस्त करायचा तर हेच, औषधाची वेळ ठरवायची तर हेच. जन्मात कुणाचं ऐकायचं नाही. आणि आज ह्या हट्टाच्या चिमटीत तिची बोटं.

"आप्पा, ती माझी बोटं आहेत!" तिचा आवाज फळ्यांवर आपटून तिच्याच तोंडावर आला. "डावीकडे फिरवलंत तर तार आणखी आवळेल. बोटं तुटतील. तुटतील म्हणजे तुटतील, समजतंय का? उद्यापासून मी ऑफिसच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून तक्रारी लिहून घेईन. एकदा, फक्त एकदा माझं ऐका. उजवीकडे."

आप्पांचे हात चाकावर होते. त्यांनी चाक घट्ट धरलंय पण फिरवत नाहीत, हे तिला खाली तारेतून कळत होतं. तारेतून माणसाचा हात कळतो. सांगितल्यासारखं केलं असतं तर कुणी त्यांना बोल लावला नसता. सुनेनेच सांगितलं होतं की. काही न बोलता डावीकडे फिरवलं असतं, तर भीतीने तिने हात हिसकला असता. तिसरी वाट एकच होती, आणि त्या वाटेच्या टोकाला त्यांची होडी नव्हती.

"चाक उलटं चालतं," आप्पा म्हणाले.

"काय?"

"उजवीकडे फिरवलं की होडी डावीकडे वळते. डावीकडे फिरवलं की उजवीकडे. मीच तसं बसवलंय. मुद्दाम नाही. तार बदलताना खांबात ती फुली घालायची असते ना, ती विसरलो मी. दोन्ही तारा सरळच खाली सोडल्या."

खाली दिव्याचा उजेड खांबाकडे वळला.

"धक्क्यावरून निघालो आणि दहा पावलांवर लक्षात आलं," आप्पा पुढे बोलत राहिले, भरभर, जणू थांबले तर पुन्हा सुरू करता येणार नाही. "पण हाताला बरं वाटलं गं. चाळीस वर्षं दांडाच धरला मी. दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडेच जाते. खांदा दुखतो म्हणून तुम्ही लोकांनी चाक बसवलंत, पण हात काही बदलला नव्हता. मग म्हटलं राहू दे. परत खोलायचं तर कुणीतरी विचारणार, का खोललं. आणि तुझ्या नवऱ्याने सांगितलंच होतं, आणखी एक चूक झाली की..."

"तीन आठवडे?"

"तीन आठवडे."

"मी समोर बसलेले असताना?"

"तू डोळे मिटून बसतेस," आप्पा म्हणाले. "मला बरं पडायचं ते."

तिने दिवा कप्पीकडे वळवला. चांदीसारखी चकाकणारी ती एक कड. ह्या कप्प्या ओलांडून येणाऱ्या तारांसाठीच तिरप्या बसवलेल्या असणार. तार सरळ सोडली म्हणून ती तिरपी पडली, रोज कडेवर चढली, तिथे घासली, धागा धागा सुटली आणि आज निसटली. इतका वेळ जे कोडं तिला सुटत नव्हतं, ते आपणहून तिच्यापुढे उलगडत गेलं. पटत होतं. पण पटणं वेगळं आणि आपली बोटं कप्पीत असताना दुसऱ्याला चाक फिरवायला सांगणं वेगळं. आजवर तिने कुणाच्या नुसत्या शब्दावर तार हलू दिलेली नव्हती. आणि हा शब्द कुणाचा, तर तीन आठवडे जो तिला फसवत आला त्याचा.

पाण्यावर दूरवर इंजिनाची घरघर सुरू झाली.

"आप्पा, शपथ नका घेऊ," ती म्हणाली. "नुसतं सांगा. नक्की?"

"नक्की. माझ्याकडून झालेलं आहे ना, मला ते पाठ आहे."

तिने श्वास सोडला. आत येताना दुसऱ्या खांद्यासाठी सोडला होता तसा, सगळा.

"डावीकडे," ती म्हणाली. "केसभर."

ब्रेक कुरकुरत सुटला. चाक हललं. साखळीची एक कडी कुठेतरी वर खटकन बसली, आणि कप्पीवर तार, जिचा प्रत्येक धागा तिला आता बोटांवर मोजता आला असता, ती सुस्कारली. सैल पडली. तिने हात खेचला. मोजा तिथेच राहिला, तारेखाली, दोन बोटं वर करून.

"सुटला!"

"सुटला?"

"सुटला म्हणते ना! ओढा मला बाहेर!"

आप्पांनी तिचे घोटे धरून तिला ओढलं, आणि सुनेचे पाय सासऱ्याने धरावेत ह्यात कुणाला काही वावगं वाटायला वेळ नव्हता. ती बाहेर आली ती मासा होडीत टाकावा तशी पडली आणि आधी आभाळाकडे बघत राहिली. केवढं होतं ते. लाँच भरभरून आली, लाटा आल्या, खाली कप्पीपाशी काहीतरी करकचून वाजलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

मधलं बोट वाकडं झालं होतं, त्याच्या शेजारचं निळं. बादलीतल्या पाण्यात हात बुडवून ती बसली. आप्पांनी आत हात घालून आणीबाणीचा दांडा बाहेर काढला, तो सुकाणूवर बसवला, नांगर उचलला आणि होडी धक्क्याकडे वळवली. दांडा ते असा धरत होते, की त्या म्हाताऱ्या खांद्याला कुणी दुखतो म्हटलं नसतं. पण चेहरा मात्र उतरलेला.

"घरी काय सांगायचं?" अर्ध्या वाटेवर त्यांनी विचारलं. "बोटं दारात सापडली म्हणू?"

तिने हात बादलीत आणखी खोल बुडवला. नाही म्हणण्याइतका तिला राग उरला नव्हता, आणि हो म्हणण्याइतकी दया आलेली नव्हती. तिला एवढंच कळत होतं, की ती हो म्हणाली तर पुढचा प्रत्येक रविवार ते दोघं त्या एका खोटेपणात खांद्याला खांदा लावून बसतील, आणि तिथून तिला कुणी घोट्याला धरून ओढणार नाही.

दवाखान्यात नवरा धावत आला तेव्हा डॉक्टरीणबाई पट्टी बांधत होत्या. एक हाड तडकलंय, दुसरं शाबूत आहे. बोटं पहिल्यासारखी वळतील का, ते सहा आठवड्यांनी कळेल, असं त्यांनी सांगितलं होतं. नवऱ्याने बायकोचा हात पाहिला आणि त्याच्या चेहऱ्याचा रंगच गेला.

"कसं झालं हे?" त्याने तिला विचारलं.

तिने तोंड उघडलं. पण त्याआधीच पडद्यापलीकडच्या स्टुलावरून, लेथच्या गोंगाटात बोलून बोलून मोठा झालेला तो आवाज आला.

"तिला नको विचारू. मला विचार. तार बदलताना मी फुली विसरलो, आणि तीन आठवडे लपवलं."

"आप्पा, तुम्ही..."

"थांब. मधे बोलू नकोस. पहिल्यापासून सांगतो."

आणि त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. खांब, साखळी, तारा, कप्प्या. कोणती तार कुठून जाते ते हवेत बोट फिरवून दाखवलं. मुलाला काही कळत नव्हतं, तरी तो उभा राहून ऐकत होता. डॉक्टरीणबाईंना एवढं नको होतं, पण पट्टी गुंडाळता गुंडाळता त्यांचाही हात मंदावला.

लिफ्टवाली डोळे मिटून बसली होती. मग तिने ते उघडले, आणि जिथे जिथे आप्पा काही गाळायला बघत होते, तिथे तिथे म्हणत राहिली, "पुढे?"